बॅग स्वच्छ, ताप नाही, तरी सीआरपी वाढलेला : पोटाच्या डायलिसिसवरच्या रुग्णांमधला दाह

मोगरा_सातारा

नमस्कार मंडळी. सासूबाई दोन-अडीच वर्षांपासून सीएपीडीवर, म्हणजे घरी बॅगांनी करायच्या पोटाच्या डायलिसिसवर (पीडी) आहेत. वय ६४, मधुमेह जुना. दिवसाला दोन-दोन लिटरच्या चार बॅगा, रात्रीची २.५ टक्के साखरेची आणि बाकीच्या १.५ च्या. लघवी अजून होते, दिवसाला अर्ध्या लिटरच्या आसपास. एक्सचेंज, म्हणजे बॅग बदलणं, मी करते, मी नसले की दीर करतात. आजवर पेरिटोनायटिस (पोटातल्या पडद्याचा जंतुसंसर्ग) झालेला नाही. एक्झिट साइट, म्हणजे नळी पोटातून बाहेर येते ती जागा, कोरडी असते, बाहेर येणारं पाणी रोज उजेडात धरून बघतो, तेही स्वच्छ असतं.

तरी गेल्या काही महिन्यांत त्या खंगत चालल्या आहेत. दोन पोळ्यांची एक झाली, आता तीही अर्धी टाकतात. हिमोग्लोबिन ८.४ वर अडकलंय. रक्त वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन आठवड्याला एकाचं दोन केलं तरी ढिम्म हलत नाही. परवाच्या रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) २.९, फेरिटिन (लोहाचा साठा) ८६० आणि सीआरपी (दाहाची खूण) २८ आला. डॉक्टर म्हणाले, "शरीरात इन्फ्लमेशन आहे, शोधावं लागेल." ओपीडीत बाहेर इतके लोक ताटकळत होते की पुढचं विचारायचं राहिलंच.

मला कळत नाही ते हे, की बॅग स्वच्छ असताना दाह आहे तरी कुठे? नणंदबाईंचं म्हणणं आहे की पोटातली नळी हेच मूळ, ती काढा आणि मशीनवर, म्हणजे रक्ताच्या हिमोडायलिसिसवर न्या. घरात रोज यावरून वाद होतोय. ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी कृपया सांगा.

सुधाकर६३

ताई, आधी सीआरपीचं एकक बघा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये, आणि दोन्हींत दहापट फरक पडतो. आमच्याकडे लॅब बदलल्यावर ०.९ आलं म्हणून सगळे खूश झाले होते. प्रत्यक्षात ते आधीच्या हिशेबात ९ होतं.

मोगरा_सातारा

बघितलं, मिलिग्रॅम प्रति लिटरच आहे. शेजारी ५ पेक्षा कमी म्हणजे नॉर्मल असं छापलंय.

नेफ्रोवाला

मी नेफ्रॉलॉजीत काम करतो. तुमच्या सासूबाईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे उपचार त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचे. पण तुमचा प्रश्न फार योग्य आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पोटाच्या डायलिसिसवरच्या माणसात दाह दोन ठिकाणी असू शकतो. एक पोटाच्या पडद्यात, म्हणजे पेरिटोनियममध्ये. दुसरा सगळ्या शरीरात, रक्तातून फिरणारा, मंद आणि महिनोन्‌महिने चालणारा. दोन्ही एकच आहेत असं आपण गृहीत धरतो आणि तिथेच घोळ होतो. कोरिया, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या साडेनऊशेहून अधिक पीडी रुग्णांच्या रक्तात आणि पोटातल्या पाण्यात इंटरल्यूकिन-६ वगैरे दाह दाखवणारी रसायनं मोजून केलेला एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की पाण्यातलं इंटरल्यूकिन-६ जास्त असलं की पडदा 'फास्ट' होतो, म्हणजे साखर लवकर शोषली जाते आणि पाणी कमी निघतं. पण रुग्ण किती जगतो याच्याशी त्याचा थेट संबंध दिसला नाही. तो संबंध रक्तातल्या दाहाशी होता. म्हणजे स्वच्छ बॅग पोटाची खबर देते, बाकी शरीराबद्दल ती काही सांगत नाही.

आता तुमचे आकडे. दाह असला की यकृत सीआरपी आणि फेरिटिन जास्त बनवतं आणि अल्ब्युमिन कमी बनवतं. त्यामुळे फेरिटिन ८६० आहे म्हणजे लोह भरपूर आहे असं समजू नका. दाहात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं, ते लोह साठ्यातून बाहेरच पडू देत नाही. कोठारात माल असतो आणि रक्त तयार करणाऱ्या हाडातल्या मज्जेपर्यंत पोचत नाही. मग एरिथ्रोपोएटिन कितीही वाढवा, हिमोग्लोबिन हलत नाही. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात वापरायला किती लोह फिरतंय ते दाखवणारी तपासणी, केलंय का ते बघा. ते २० टक्क्यांच्या खाली आणि फेरिटिन एवढं वर असेल, तर चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होतं. एरिथ्रोपोएटिनचा डोस नुसता वाढवत नेणं धोक्याचं आहे, रक्तदाब आणि गुठळ्यांची भीती असते.

अल्ब्युमिन कमी असण्याला पीडीत आणखी एक कारण आहे. बाहेर येणाऱ्या पाण्याबरोबर रोज साधारण ५ ते १० ग्रॅम प्रथिनं जातात. पेरिटोनायटिस झाला की त्याहून बरीच जास्त.

स्टॉकहोमच्या स्टेनव्हिंकेल आणि सहकाऱ्यांनी १९९९-२००० च्या सुमारास ही साखळी मांडली : कुपोषण, दाह आणि रक्तवाहिन्या कठीण होणं, तिन्ही एकमेकांना वाढवत नेतात. दाहामुळे भूक मरते, स्नायू झिजतात, आणि हृदयाचा धोका वाढतो. पीडी असो वा मशीन, आमचे रुग्ण अखेर सर्वांत जास्त हृदयविकारानेच जातात. म्हणून २८ हा आकडा मी नुसता 'किडनीच्या माणसात असतोच' म्हणून सोडून देणार नाही. आणि कारण न शोधता अँटिबायोटिकचा कोर्सही लिहून देणार नाही.

शोधायचं कुठे, तर मधुमेही रुग्णात मी आधी तोंड आणि पाय बघतो. हिरड्या, किडलेले दात, पायाच्या बोटांमधल्या भेगा, टाचेची जखम. मग एक्झिट साइट आणि तिच्यामागचा कातडीखालचा बोगदा, तो दाबून दुखतो का, गरज पडली तर सोनोग्राफी. पूर्वी कधी हिमोडायलिसिससाठी हातात ग्राफ्ट, म्हणजे कृत्रिम रक्तवाहिनी, टाकला होता का? बंद पडलेला ग्राफ्ट वर्षानुवर्षं आत गुपचूप दाह करत राहतो. पूर्वी बसवलेली आणि निकामी झालेली किडनी असेल तर तीही. आणि आपल्याकडे क्षयरोग विसरून चालत नाही. वजन उतरतंय, भूक नाही, संध्याकाळी कणकण वाटते, असं असेल तर मुद्दाम तपासावं.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे अंगात साठलेलं पाणी. पाणी साठलेल्या रुग्णांमध्ये दाहाचे आकडे चढे दिसतात. आतड्याच्या भिंतीला सूज येते आणि जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात, असं एक स्पष्टीकरण आहे. पायावर खळी पडते का? रक्तदाब कसा आहे?

मोगरा_सातारा

डॉक्टर, मनापासून आभार. पायावर संध्याकाळी खळी पडते. रक्तदाब १५० च्या वर असतो. ग्राफ्ट वगैरे कधीच नव्हता. दातांबद्दल कोणी विचारलंच नव्हतं आजवर. त्या कवळी वापरत नाहीत, पण एका बाजूने चावत नाहीत हे मला माहीत आहे. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन १४ आहे, जुन्या फाइलमध्ये सापडलं.

कृष्णाकाठ

माझं मत जरा वेगळं आहे, राग नसावा. वडिलांना आम्ही पीडीवरून मशीनवर नेलं आणि ते सुधारले. नणंदबाई म्हणतात त्यात तथ्य असू शकतं. पोटात रोज आठ लिटर साखरेचं पाणी ओतायचं आणि पडद्याला काही होणार नाही, हे कसं शक्य आहे?

नेफ्रोवाला

कृष्णाकाठ, राग कसला. पडद्याला त्रास होतो हे खरंच आहे. नेहमीच्या द्रावणाचा पीएच ५.५ च्या आसपास असतो, त्यात लॅक्टेट असतं, आणि बॅग उष्णतेने निर्जंतुक करताना साखर मोडून काही घातक पदार्थ तयार होतात. वर्षानुवर्षं त्यांच्या संपर्कात राहून पडदा जाड होतो, त्यात नव्या रक्तवाहिन्या येतात. म्हणूनच ४.२५ टक्क्यांची बॅग ऊठसूट वापरू नका असं आम्ही सांगतो. रक्तातही रोज १०० ते २०० ग्रॅम ग्लुकोज शोषलं जाऊ शकतं.

पण मशीनवर गेल्याने सगळ्या शरीरातला दाह जातोच असं नाही. तिथे रक्त दर वेळी नळ्यांमधून आणि फिल्टरमधून फिरतं. मानेतला कॅथेटर (नळी) असेल तर जंतुसंसर्गाची भीती पीडीपेक्षा वेगळी आणि काही वेळा जास्त गंभीर. तुमच्या वडिलांना का बदललं होतं?

कृष्णाकाठ

फंगल पेरिटोनायटिस झाला होता.

नेफ्रोवाला

मग त्यांच्या बाबतीत निर्णय अगदी बरोबर होता. बुरशीचा पेरिटोनायटिस झाला की कॅथेटर लगेच काढावाच लागतो, थांबलं तर जीव जाऊ शकतो. पाणी अजिबात निघेनासं झालं, योग्य अँटिबायोटिक देऊनही पाच दिवसांत बॅग साफ व्हायची लक्षणं दिसेनात, किंवा आतडी आवळून धरणारा पेरिटोनियल स्क्लेरोसिस होऊ लागला, तरी पीडी थांबवावं लागतं. मोगराताईंच्या सासूबाईंमध्ये यातलं काहीच दिसत नाही. उलट त्यांची अर्धा लिटर लघवी ही मोठी ठेव आहे. कॅनडा-अमेरिकेच्या 'कॅन्युसा' अभ्यासाचं २००१ मध्ये पुन्हा विश्लेषण झालं, त्यात रोजच्या दर २५० मिलिलिटर लघवीमागे मृत्यूचा धोका ३६ टक्क्यांनी कमी दिसला. उरलेली किडनी बाहेर टाकत असलेल्या गोष्टींत दाहाची रसायनंही असतात. मशीनवर ही लघवी बहुधा लवकर आटते.

तिखटमीठ

एक शंका. दाहच आहे ना, मग दाह कमी करणाऱ्या गोळ्या असतात त्या का देत नाहीत? आई सांधेदुखीला डायक्लोफिनॅक घेते, तिचा सीआरपी कमी झाला होता.

नेफ्रोवाला

नको, नको. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक, ही सगळी औषधं उरलेल्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात आणि पोटात रक्तस्राव करू शकतात. दुखण्याला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. मेडिकलमधून मिळणाऱ्या सर्दीच्या, अंगदुखीच्या कॉम्बिनेशन गोळ्यांत ही औषधं मिसळलेली असतात, पाकीट वाचल्याशिवाय देऊ नका.

गुळवेल_प्रेमी

हळद, गुळवेल, पुनर्नवा यांचा काढा माझ्या मेव्हण्यांना दिला होता. सूज उतरली. पाश्चात्य औषधांकडे दाहावर उत्तर नाही हे डॉक्टर स्वतःच मान्य करत आहेत. एकदा विचार व्हावा.

नेफ्रोवाला

तुम्ही आपुलकीने लिहिलंय हे कळतं. भाजी-आमटीतली हळद खुशाल खावी. पण काढे, भस्मं आणि पूड नको. किडनी जवळजवळ बंद असलेल्या माणसात त्यातला कोणता घटक किती साठेल हे सांगता येत नाही, काही तयार औषधांत शिसं आणि पारा सापडलेला आहे, आणि ॲरिस्टोलोचिया जातीच्या वनस्पतींनी थेट किडनी खराब होते हे सिद्ध झालंय. जी अर्धा लिटर लघवी आपण जपतोय, ती यात जाऊ शकते. आणि उत्तर नाही असं मी म्हणालो नाही. दाहाचं कारण काढून टाकणं हेच त्याचं उत्तर.

पीडीसिस्टर

मी पीडी नर्स आहे, घरोघरी जाऊन ट्रेनिंग देते. मोगराताई, तुम्ही बॅग उजेडात धरून बघता हे चांगलंच. आणखी एक करा. भरलेली ड्रेन बॅग छापलेल्या कागदावर ठेवा आणि पाण्यातून खालची अक्षरं वाचा. नीट वाचता आली तर पाणी स्वच्छ. संध्याकाळच्या अंधुक दिव्यात नुसतं बघून फसगत होते, अक्षरं फसवत नाहीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मी देवाचं चित्र असलेलं कॅलेंडर ठेवायला सांगते, चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे.

रात्रीची बॅग जास्त तास पोटात राहते, त्यामुळे तिचं पाणी थोडं गडद पिवळं असतं, त्याला घाबरू नका. पांढरे तंतू दिसले तर ते फायब्रिन, म्हणजे गोठलेलं प्रथिन असतं. एखाददुसरा तंतू चालतो, वाढले तर कळवा, बॅगेत हेपरिन (गोठू न देणारं औषध) घालायला सांगतात.

आणि पाय बघा. मी भेटीला गेले की मोजे काढायला लावते. बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरट, ओलसर, सोललेली असते आणि रुग्णाला पत्ताच नसतो, कारण मधुमेहात तिथली जाणीव गेलेली असते. पावसाळ्यात तर हमखास.

आंबोलीघाट

माझ्या बाबांचं सांगतो, कारण हे दुसऱ्या कोणावर येऊ नये. आषाढात एका सकाळी बॅग तांदळाच्या धुवणासारखी आली. पोट थोडं दुखत होतं, ताप नव्हता. आमच्याकडून पीडी सेंटर गाडीने चार तासांवर. गावातल्या डॉक्टरांनी पोटातला जंतुसंसर्ग म्हणून तोंडावाटे अँटिबायोटिक दिलं आणि दोन दिवस वाट बघा म्हणाले. ती बॅग टाकून दिली गेली. सेंटरला पोचलो तोवर पाण्यात पेशी हजारांत होत्या आणि कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) काहीच उगवलं नाही, कारण औषध आधीच पोटात गेलेलं. कोणता जंतू ते कळलंच नाही, मग अंदाजाने उपचार. बाबा वाचले, पण पडदा बिघडला, पाणी निघणं कमी झालं ते कायमचं. ताप नाही म्हणून थांबू नका. आजही ते आठवलं की मला रात्री झोप लागत नाही.

पीडीसिस्टर

आंबोलीघाट, तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. गढूळ बॅग म्हणजे त्याच दिवशी फोन, आणि ती पहिली गढूळ बॅग क्लॅम्प लावून, पिशवीत घालून सोबत आणायची. टाकायची नाही. लांबच्या लोकांसाठी काही सेंटर्स घरीच पहिला डोस बॅगेत घालायला शिकवतात, पण नमुना आधी बाजूला काढायचा. आपापल्या सेंटरला हे आजच विचारून ठेवा, आजारपणात विचारायला वेळ नसतो.

नेफ्रोवाला

यात थोडी भर. आंतरराष्ट्रीय पीडी संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीनपैकी दोन गोष्टी असल्या की पेरिटोनायटिस समजायचा : पोटदुखी किंवा गढूळ पाणी, किमान दोन तास पोटात राहिलेल्या पाण्यात मायक्रोलिटरमागे १०० पेक्षा जास्त पांढऱ्या पेशी आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी), किंवा कल्चर पॉझिटिव्ह. तापाचा यात उल्लेखच नाही. कल्चर साध्या डबीत न पाठवता ब्लड कल्चरच्या बाटल्यांत ५ ते १० मिलिलिटर पाणी घालून पाठवलं तर जंतू सापडण्याची शक्यता बरीच वाढते. अँटिबायोटिक शक्यतो बॅगेतूनच द्यायचं, ग्रॅम पॉझिटिव्ह आणि ग्रॅम निगेटिव्ह हे जंतूंचे दोन्ही मुख्य गट धरून, आणि जंतूप्रमाणे साधारण दोन ते तीन आठवडे. त्या काळात बुरशीविरुद्धचं औषधही द्यावं, कारण अँटिबायोटिकच्या कोर्सनंतरच बुरशी डोकं वर काढते.

दाहाच्या दृष्टीने पाहिलं तर पेरिटोनायटिसमध्ये पोटातली आग सगळ्या शरीरात पसरते. पडदा एकदम फास्ट होतो, पाणी निघत नाही, पाय सुजतात, प्रथिनं भसाभसा जातात. आणि बॅग साफ दिसायला लागल्यावरही रक्तातला दाह काही आठवडे टिकू शकतो. त्या काळात खाण्याकडे दुर्लक्ष झालं की रुग्ण खचतो.

पूर्वा_टोरांटो

माझा नवरा रात्री सायकलरवर, म्हणजे आपोआप पाणी बदलणाऱ्या यंत्रावर असतो, त्याला एपीडी म्हणतात. इथे नर्सने सांगितलं की सायकलरवर पाणी पोटात फार कमी वेळ राहतं, त्यामुळे पेशी १०० च्या खाली असल्या तरी त्यात निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल असतील तर पेरिटोनायटिस धरून चालायचं. सायकलरवाल्यांनी हे लक्षात ठेवा. सकाळी ड्रेन लाइन थेट बाथरूममध्ये सोडणाऱ्यांना तर गढूळपणा दिसतच नाही, म्हणून आम्ही ड्रेन बॅगच जोडतो.

याच शहरात टोरांटो वेस्टर्न हॉस्पिटलमध्ये डॉ. ओरिओपूलस यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी काचेच्या बाटल्यांऐवजी प्लास्टिकच्या बॅगा आणल्या. त्याआधी, १९७६ मध्ये ऑस्टिनला पोपोविच आणि मॉनक्रिफ यांनी ही पद्धत मांडली तेव्हा बाटल्याच होत्या, आणि दर थोड्या आठवड्यांनी पेरिटोनायटिस व्हायचा. नंतर इटलीत 'आधी धुवा, मग भरा' ही वाय आकाराची नळी आली आणि प्रमाण आणखी घटलं. सिस्टर आपल्याला नवं पाणी आधी ड्रेन बॅगेत थोडं सोडायला लावतात ते याचसाठी.

डॉक्टर, न्यूट्रल पीएचच्या (आम्लता नसलेल्या) बॅगा घेतल्या तर दाह कमी होतो का? इथे काहींना मिळतात.

नेफ्रोवाला

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची 'बॅलन्झ' चाचणी २०१२ मध्ये आली, १८५ रुग्ण, दोन वर्षं. किडनीचं उरलेलं काम घसरण्याच्या वेगात ठोस फरक दिसला नाही, जो त्यांचा मुख्य प्रश्न होता. पण लघवी पूर्ण बंद व्हायला जास्त वेळ लागला आणि पेरिटोनायटिस वर्षाला ०.४९ वरून ०.३० वर आला. लघवी टिकते हे नंतरच्या अभ्यासांतही दिसलं, पेरिटोनायटिसचं मात्र सगळीकडे दिसलं नाही. मिळत असतील आणि परवडत असतील तर चांगल्याच आहेत. आपल्याकडे आधीच बॅगांचा महिन्याचा खर्च घर पोखरतो, तेव्हा न मिळाल्याची खंत बाळगू नये. हात धुऊन पूर्ण कोरडे करणं, मास्क, जोडताना-सोडवताना पंखा बंद, एक्झिट साइटवर रोज म्युपिरोसिन मलम, मांजर-कुत्रं खोलीबाहेर, बद्धकोष्ठ होऊ न देणं, यांनी जे मिळतं ते कुठल्याही महाग बॅगेपेक्षा कमी नाही.

रसिका_आहार

मी आहारतज्ज्ञ आहे. मोगराताई, सासूबाई प्रथिनं किती खातात? आधीच्या काळातलं 'किडनीचं पथ्य' अजून चालू आहे का?

मोगरा_सातारा

हो. डायलिसिस सुरू होण्याआधी डाळ बंद केली होती, ती अजून बंदच आहे. वरणाचं वरचं पाणी देतो. अंडी त्यांना चालतात, पण आम्ही देत नाही. केळं, टोमॅटो, नारळपाणी सगळं बंद.

रसिका_आहार

हेच बहुतेक घरांत दिसतं. डायलिसिसच्या आधी प्रथिनं कमी करतात, पण पीडी सुरू झालं की गणित उलटं होतं. वजनाच्या किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं रोज हवीत. ५५ किलो वजन असेल तर ५५ ते ६६ ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, त्यातलं निम्म्याहून अधिक पांढऱ्यात. वाटीभर घट्ट वरण, मटकीची उसळ, पनीर, सोयाबीनच्या वड्या, दही, यांची सांगड घालावी लागते. फॉस्फरस वाढेल ही भीती बरोबर आहे, म्हणून फॉस्फेट बाइंडरची (अन्नातलं फॉस्फरस बांधून ठेवणारी) गोळी जेवणाच्या घासाबरोबर, जेवणानंतर तासाने नाही.

पोटॅशियमचंही बघा. पीडीवर ते रोज निघून जातं, त्यामुळे अनेकांचं कमीच असतं. पोटॅशियम कमी असेल तर आतडी मंदावतात आणि पेरिटोनायटिसचा धोकाही वाढलेला दिसतो. रिपोर्ट ३.५ च्या खाली असेल तर फळं बंद ठेवणं चुकीचं ठरेल. डॉक्टरांना विचारून सुरू करा. मीठ आणि पापड-लोणचं मात्र आवरा.

दोन लिटर पाणी पोटात असताना माणसाला भरल्यासारखं वाटतं, शिवाय बॅगेतली साखर शोषली जाते. म्हणून मुख्य जेवण ड्रेन झाल्यावर, नवी बॅग भरण्याआधी ठेवून बघा. जेवण पाच-सहा वेळा थोडं थोडं. एक सांगते, दाह चालू असेपर्यंत नुसत्या खाण्याने अल्ब्युमिन पूर्ण वर येणार नाही. त्याने निराश होऊन खाणं सोडू देऊ नका.

मोगरा_सातारा

पोटॅशियम ३.१ आहे. मी आत्ता फाइल काढून बघितलं. डॉक्टरांना फोन करते.

कृष्णाकाठ

+१ रसिकाताई. वडिलांना आम्हीही उपाशीच ठेवलं होतं.

अक्षता_दे

माझ्या बॅगेत दर महिन्याला पाळीच्या वेळी लालसर पाणी येतं. हा दाह आहे का? विचारायला संकोच वाटत होता.

पीडीसिस्टर

नाही ताई, संकोच करू नका. पाळीच्या किंवा बीज सुटण्याच्या वेळी थोडं रक्त पोटाच्या पोकळीत येऊ शकतं. दुखत नसेल आणि एक-दोन बॅगांत साफ होत असेल तर चिंता नाही, पण सेंटरला एकदा नोंद करून द्या. तसंच रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, लर्कानिडिपिनसारख्या, पाणी दुधाळ दिसतं आणि तपासलं तर पेशी नसतात. पण हे घरी ठरवायचं नाही. गढूळ म्हणजे आधी तपासणी.

मोगरा_सातारा

सर्वांना, थोडं कळवायला आले. मोजे काढून बघितलं. डाव्या पायाच्या शेवटच्या दोन बोटांमध्ये सिस्टर म्हणाल्या तसंच, पांढरी ओलसर कातडी आणि खाली लालबुंद भेग. त्यांना दुखतच नव्हतं. दंतवैद्यांकडे नेलं. उजवीकडची खालची दाढ हलते आहे, हिरडी दाबली की पू येतो. त्यांच्या मते हे कित्येक महिन्यांचं असणार. नेफ्रॉलॉजिस्टनी पायासाठी सर्जनकडे पाठवलं, लघवीची गोळी वाढवली, रात्री ग्लुकोजऐवजी आयकोडेक्स्ट्रिनची बॅग सुरू केली म्हणजे जास्त पाणी निघेल, आणि पोटॅशियमचं सिरप दिलं. केळं अर्धं चालू झालं. एरिथ्रोपोएटिन न वाढवता आहे तेवढंच ठेवलंय. क्षयासाठी छातीचा एक्स-रे झाला, त्यात काही नाही. नळी काढायचा विषय त्यांनी स्वतःच नणंदबाईंना समजावून मिटवला.

दाढ काढायची ठरली आहे. काही काळजी घ्यायची का? आणि सीआरपी पुन्हा कधी करू? मला उद्याच करावासा वाटतोय.

नेफ्रोवाला

फार बरं वाटलं वाचून. सीआरपीचा अर्धा अंश दिवसाभरात ओसरतो, त्यामुळे कारण गेलं की तो लवकर उतरतो. पण दात काढल्यावर आणि जखमेवर उपचार चालू असताना केलात तर वाढलेलाच दिसेल आणि उगाच घाबराल. दोन्ही जागा भरल्यानंतर तीन-चार आठवड्यांनी, त्याच लॅबमध्ये करा. अल्ब्युमिनला त्याहून वेळ लागतो, दोन-तीन महिने धरून चला. दोन्ही बरं होऊनही सीआरपी उतरला नाही तर शोध पुढे चालू ठेवावा लागेल, बोगद्याची सोनोग्राफी राहिली आहे.

दंतवैद्यांना डायलिसिसचं आधी सांगा. काही सेंटर्स दात काढण्याआधी अँटिबायोटिकचा एक डोस देतात, तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टना विचारा. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर तेही दोघांना कळू द्या, स्वतःहून बंद करू नका. आणि दात काढल्यावर चिठ्ठीत हमखास डायक्लोफिनॅक किंवा कीटोरोलॅक लिहिलं जातं, ते आधीच नको म्हणून सांगा.

आयकोडेक्स्ट्रिन सुरू झालंय तर एक अत्यंत महत्त्वाचं. त्यातून तयार होणाऱ्या माल्टोजमुळे काही प्रकारच्या ग्लुकोमीटर पट्ट्या साखर खोटी वाढलेली दाखवतात. ती बघून इन्सुलिन दिलं तर साखर धोकादायक उतरू शकते. तुमची पट्टी माल्टोजला न फसणारी आहे ना, हे आजच पाकिटावर वाचा किंवा सेंटरला विचारा.

मोगरा_सातारा

पट्टीचा फोटो सेंटरला पाठवला, चालते म्हणाले. दंतवैद्यांच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात 'डायलिसिस, डायक्लोफिनॅक नको' लिहून दिलंय. गुरुवारी दाढ काढणार आहेत.

रसिका_आहार

त्या दिवशी मऊ काय द्याल? पातळ मुगाची खिचडी, दही, मऊ शिजवलेलं अंडं. गार करून. गुळण्या डॉक्टर सांगतील तेव्हाच सुरू करा.